एकांड्याचं ओझं

लोक त्याला एकांडा म्हणत. हे नाव त्यानंच स्वतःला लावून घेतलं होतं आणि पुढं ते इतकं चिकटलं, की त्याची आईसुद्धा फोनवर बोलताना "आमचा एकांडा" म्हणायला लागली. डोंगरातून एकट्यानं चालायचं, एकट्यानं तंबू ठोकायचा आणि ते सगळं फोनवर लोकांना दाखवायचं, हा त्याचा धंदा. प्रत्येक वाटेच्या सुरुवातीला तो झाडाच्या फांदीला लटकता वजनकाटा बांधायचा, त्याला सॅक अडकवायचा आणि आकडा कॅमेऱ्याजवळ आणायचा. साडेचार किलो. तंबू, झोपायची पिशवी, स्टोव्ह, बॅटऱ्या, सगळं धरून साडेचार किलो. बघणारे तोंडात बोटं घालायचे.

खरं सामान त्याच्या बायकोच्या पाठीवर असायचं. ती त्याच्या मागून यायची, एका वळणाचं अंतर राखून.

सुरुवात अशी नव्हती. आधी तो एका दुकानात सॅक आणि तंबू विकायचा आणि सुट्टीच्या दिवशी खरोखरच एकटा चालायला जायचा. चालायचाही छान. ती एका गॅरेजच्या मागच्या खोलीत स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायची. मेलेल्या बॅटरीचं पोट उघडायचं, एकेक सेल तपासायचा, चांगले ठेवायचे, फुगलेले बाजूला काढायचे. गॅरेजात तिला सगळे बॅटरीवाली म्हणत. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याचा फोन एका कड्यावर ऐन सूर्योदयाला बंद पडला. घरी आल्यावर दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. मग तिनं गॅरेजातले चांगले सेल जोडून, वरून स्पंज गुंडाळून त्याला एक डबा करून दिला. त्यावर फोन, कॅमेरा आणि दिवा आठवडाभर चालायचा. फक्त तो जड होता.

"एवढी धोंड पाठीवर घेऊन मी चढू कसा?" तो म्हणाला.

"मी आणून देते," ती म्हणाली. तिला तेव्हा त्याचं कौतुक होतं.

पहिल्यांदा ती बसनं जाऊन, जिथं वाट रस्त्याला लागते तिथं डबा देऊन परत आली. पुढची वाट रस्त्याला लागतच नव्हती, म्हणून ती चालत गेली. ती येतेच आहे म्हटल्यावर त्यानं तिच्याजवळ स्टोव्ह दिला. मग उडता कॅमेरा. मग तंबू, कारण चढावर तंबूचे दांडे पाठीला टोचत. शेवटी झोपायची पिशवीही तिच्याकडं आली. त्याच्या सॅकेत राहिल्या पार्सलच्या खोक्यांत घालतात तसल्या हवेच्या प्लॅस्टिक पिशव्या आणि वजनाला पाण्याच्या बाटल्या. वजन दाखवून झालं की बाटल्या ओतून टाकायच्या.

तिनं एकदा सुचवलंही होतं. "लोकांना सांगून टाक ना, की आपण दोघं असतो."

"दोघं असलेले ढिगानं आहेत," तो म्हणाला. "दोघांना कुणी बघत नाही."

थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, त्यामुळं चालताना ती त्या जॅकेटच्या आत पोटाशी बांधायची आणि झोपताना कुशीत घ्यायची. सौर पट्टी सॅकवर पसरून उन्हाच्या बाजूला पाठ करून चालायची. मुक्कामाला पोचली, की आडोसा बघून तंबू लावायची आणि दगडामागं जाऊन बसायची. मग तो यायचा, तंबूचा एक दोर सोडायचा आणि कॅमेऱ्यासमोर तो पुन्हा बांधायचा. तिचा स्वतःचा तंबू नव्हता. चित्रण संपलं की तिला आत यायला मिळायचं.

एका चढावर तिला दोन चालणारी पोरं भेटली. बॅटरीवाली दम खात उभी होती. त्यांतल्या एकानं तिच्या सॅकेकडं बघून कीव आल्यासारखी मान हलवली.

"ताई, एवढं ओझं घेऊन कुणी चालतं का? एकांड्याचे व्हिडिओ बघा. साडेचार किलोत सगळं बसवतो तो."

"बघते," ती म्हणाली.

मुक्कामाला तिनं हे त्याला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. "त्यांनी तुला पाहिलं?" त्यानं विचारलं. "पुढच्या वेळी आवाज आला की वाटेवरून खाली उतरत जा."

सॅक बनवणाऱ्या एका कंपनीनं त्याला हाताशी धरलं, तेव्हापासून गोष्टी आणखी बिघडल्या. कंपनीची जाहिरात सांभाळणारी एक बाई होती. गोड बोलायची. तिला नव्या सॅकेसाठी मोठी वाट हवी होती. पानगळ संपताना, उंच खिंड ओलांडून जाणारी, आणि जिथं नेटवर्क मिळेल तिथून रोज थेट प्रक्षेपण. बायको मागून येते हे तिला माहीत होतं की नाही, हे कधी कळलं नाही. तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

निघायच्या वेळी बॅटरीवालीचे वडील आजारी होते. आजार तसा जुना होता. छातीत पाणी व्हायचं, काढलं की बरं वाटायचं. ती भेटून आली तेव्हा ते अंथरुणावर बसून सफरचंद खात होते. "जा गं, मी काय पळून जातोय?" ते म्हणाले. तिचा भाऊ त्यांच्याजवळ होता. तिनं स्वतःचा फोन न्यायचा नाही असं ठरलं, कारण दोन फोनना चार्जिंग पुरलं नसतं. नेटवर्क नसलं तरी निरोप पोचतात असं एक छोटं यंत्र एकांड्याकडं होतं. "काही झालं तर यावर कळव," असं तिनं भावाला सांगून ठेवलं.

वाट लांबलचक होती. वर जाऊ तसं झाडं खुजी झाली, मग संपली. ओढ्यांच्या कडेला सकाळी काचेसारखा बर्फ धरायचा. सॅकेच्या पट्ट्यांनी तिच्या खांद्यांची सालटं निघाली होती. पट्ट्याखाली ती मोजे दुमडून घालायची. संध्याकाळी ती विचारायची, "घरून काही आलं?" तो यंत्राकडं न बघता सांगायचा, "नाही."

खिंडीखालच्या मुक्कामी सकाळी तिनं चहा केला, कप त्याच्या हातात दिला आणि तंबू गुंडाळायला घेतला. तो तयार होऊन उभा होता. पाठीवर हवेनं भरलेली सॅक, अंगात कंपनीचं पातळ, वारा अडवणारं जॅकेट. खिंड ओलांडून पलीकडच्या खोलगट जागेत मुक्काम करायचा आणि उद्या खाली उतरायचं, असा बेत होता. खाली कंपनीची माणसं हार घेऊन थांबणार होती.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "उद्या खाली गेल्यावर कुणाकडून तरी कळेलच, म्हणून आत्ताच सांगतो. तुझे वडील गेले."

तिच्या हातात तंबूचा दोर होता. "कधी?"

"झाले काही दिवस. आपण त्या तळ्यापाशी होतो ना, तेव्हा निरोप आला."

तळं खूप मागं राहिलं होतं. तिथून एक वाट सरळ बसच्या रस्त्याला जात होती. तळ्यावर त्यानं पोहण्याचं चित्रण केलं होतं आणि ती त्याचे ओले कपडे पिळत दगडावर बसली होती.

"मी रोज विचारत होते," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"हो."

"मग बॅटऱ्यांचं काय? तंबूचं? सगळं मुसळ केरात गेलं असतं. आणि तू जाऊन ते परत येणार होते का? वय झालं होतं त्यांचं." मग तो जरा मऊ झाला. तिच्या खांद्यावर, नेमका सोललेल्या जागेवर, हात ठेवून म्हणाला, "उद्या खाली गेलो की लगेच तुला गाडी करून देतो. आता रडायचं असेल तर थोडं मागं राहून रड. वाऱ्यानं आवाज पुढं येतो आणि माईक तो पकडतो."

एवढं बोलून तो चढाला लागला. थोड्या वेळात त्याचा आवाज ऐकू यायला लागला. तो फोनशी बोलत होता. इथं वर आल्यावर माणसाला आपलं असं कुणी नाही याची किती खोल जाणीव होते, असं काहीतरी.

ती रडली नाही. तिनं तंबू नीट गुंडाळला, भांडं घासलं, स्टोव्ह गार झाल्यावर पिशवीत घातला. सगळं भरून झाल्यावर सॅकेवर बसून राहिली. वडिलांनी सफरचंदाची अर्धी फोड तिच्यापुढं धरली होती आणि तिनं ती घेतली नव्हती, एवढंच तिला सारखं आठवत होतं. बस चुकेल म्हणून ती घाईत होती.

मग तिनं वर पाहिलं. खिंडीवर ढग बसायला लागला होता. वर काय होईल हे तिला नीट कळत होतं. त्याच्याकडं बिस्किटांचा एक पुडा होता. फोनची बॅटरी अशा थंडीत, सतत बोलत राहिलं तर, दुपारनंतर टिकणार नाही. ते निरोपाचं यंत्र तर तिच्याच सॅकेत होतं. कालच त्यानं ते चार्जिंगला दिलं होतं, निरोप पुसून. उबेचं म्हणाल तर त्याच्यापाशी एक टोपी आणि हवेच्या पिशव्या. तो खोलगट जागेत तिची वाट बघत बसणार, कारण ती आली नाही असं आजवर कधी झालंच नव्हतं.

ती उठली. सॅकेतून त्याचं पिसांचं जाड जॅकेट काढलं, वाटेच्या मधोमध एका सपाट दगडावर ठेवलं, वर उडू नये म्हणून एक धोंडा ठेवला आणि खाली उतरायला लागली. बरीच खाली गेल्यावर थांबली. परत वर चढून आली, धोंडा बाजूला केला आणि जॅकेट उचलून घेतलं. मग एकदाही न थांबता ती उतरली.

जिथं झाडं पुन्हा सुरू होतात तिथं वनखात्याची एक चौकी होती. बाहेर बसलेला रखवालदार उतरणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा. हवा बिघडत होती, त्यालाही चौकी बंद करून खाली जायचं होतं.

"वर अजून कुणी आहे का?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "मी एकटीच होते."

त्यानं तिच्या सॅकेकडं बघितलं. "बापरे, बाई. हे सगळं तुमचं?"

"हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माहेरच्या दारात उभी राहिली. भावानं दार उघडलं आणि तिला आत घ्यायच्या ऐवजी तसाच उभा राहिला. घरात सगळं उरकलं होतं. वडिलांची गादी गुंडाळून भिंतीला लावली होती.

"तुला निरोप लगेच पाठवला होता," तो म्हणाला. "दोन दिवस थांबवून ठेवलं आम्ही त्यांना. तुझ्या नवऱ्याचं उत्तर आलं, की तिला यायला जमणार नाही."

हे तिला माहीत नव्हतं. तिनं सॅक उंबऱ्याबाहेर उतरवली. आपल्याला निरोप मिळालाच नव्हता असं सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण भावाच्या चेहऱ्याकडं बघून तिनं ते गिळलं. सांगूनही त्याला खरं वाटलं नसतं.

"पाणी दे," ती म्हणाली.

इकडं आदल्या दिवशी प्रक्षेपण मधेच तुटल्यावर कंपनीच्या बाईनं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि चौकीवाल्याला फोन लावला. वर कुणी नाही, एका बाईनं स्वतः सांगितलंय, असं तो ठामपणे म्हणाला. त्यामुळं माणसं पाठवायला दुसरा दिवस उजाडला. त्यांच्या आधीच पलीकडच्या बाजूनं येणाऱ्या दोघा चालणाऱ्यांना तो सापडला. रिकाम्या सॅकेत कमरेपर्यंत पाय घालून, अंगाभोवती हवेच्या पिशव्या कोंबून, एका दगडाला टेकून तो बसला होता. जिवंत होता. हातमोजे मात्र बॅटरीवालीच्या सॅकेत राहिले होते. डॉक्टरांनी त्याच्या उजव्या हाताची सगळी आणि डाव्या हाताची अंगठा सोडून सगळी बोटं काढली.

ती दवाखान्यात गेली तेव्हा कंपनीची बाई खोलीबाहेरच होती. तिनं बॅटरीवालीचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं आणि मग तिच्या बुटांकडं पाहिलं. बुटांवर वरच्या भागातली पांढरी माती अजून तशीच होती.

"तो चौकीवाला कुठल्या तरी बाईबद्दल काहीबाही बडबडतोय," बाई हळू आवाजात म्हणाली. "मी त्याला सांगितलं, असेल कुणीतरी हौशी. ताई, तुम्ही तर माहेरी होता ना? वडील गेले तुमचे."

"हो," ती म्हणाली.

"तेच म्हटलं मी सगळ्यांना." बाईनं तिचा हात थोपटला. "साडेचार किलोत माणूस तिथं जगला. लोक अक्षरशः वेडे झालेत. दुकानांत सॅक मिळत नाहीये."

खोलीत एकांडा छताकडं बघत पडला होता. दोन्ही हातांना बॅंडेजचे गोळे होते. ती स्टूल ओढून बसली. नर्स बाहेर गेल्यावर त्यानं मान वळवली.

"जॅकेट तरी ठेवायचंस," तो म्हणाला.

"ठेवलं होतं. परत येऊन उचललं."

त्यानं नजर पुन्हा छताकडं वळवली. "मी सांगू शकतो लोकांना," तो शेवटी म्हणाला.

"सांग ना. तंबू कुणाकडं होता तेही सांग."

त्यानं डोळे मिटले. तिनं कपातलं सूप ढवळलं, चमचा त्याच्या तोंडाशी नेला आणि तो तोंड उघडेपर्यंत तसाच धरून ठेवला. सूप गरम होतं. तिनं फुंकर घातली नाही.

घरी आल्यावर एकदा त्यानं आईला खरं सांगितलं. बॅटरीवाली शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. तो रडत सांगत होता. त्याचं संपल्यावर सासू म्हणाली, "हे पुन्हा तोंडातून काढू नकोस. कंपनीनं हात वर केले तर तुला कोण विचारणार आहे? आणि हिनं सोडलं तर तुझं धुणंपुसणं मी करू, या वयात?"

त्यानंतर सासूची भाषा बदलली. आधी दिवसभर "अगं, इकडं ये" चालायचं, ते बंद झालं. सून स्वयंपाकघरात आली की सासू उठून तिला जागा द्यायला लागली. चहा स्वतः करून घ्यायला लागली. शेजारणीला मात्र ती सांगायची, की अशी सून शोधून सापडायची नाही, नवऱ्याचं सगळं सगळं करते.

आणि ते खरंच होतं. ती त्याचे दात घासायची, त्याला आंघोळ घालायची, बटणं लावायची. गॅरेजात जायच्या आधी त्याला खाऊपिऊ घालून फोनसमोर बसवायची. तो दिवसभर बोलायचा. एकटेपणावर, जिद्दीवर, कमीत कमी गरजांवर. घरात तो तिला हाक मारायचं टाळायचा. तहान लागली तरी ती स्वतःहून येईपर्यंत तसाच बसून राहायचा. आणि ती मुद्दाम उशीर करायची. कधी थोडा, कधी बराच. त्यानं एकदा विचारलं, "तू सोडून का जात नाहीस?"

"मी कशाला जाऊ?" ती म्हणाली. "चांगलं चाललंय की."

उन्हाळ्यात कंपनीच्या बाईनं नवी कल्पना आणली. एकांडा पुन्हा चालणार, पण या वेळी बायकोबरोबर. संकटात सावलीसारखी उभी राहिलेली बायको लोकांना बघायचीच होती. सॅकही नवी काढली होती, दोघांसाठी, जरा मोठी. वाट सोपी होती, पण मधे दोन मुक्काम होते आणि चित्रण करणारी माणसं फक्त सुरुवातीला आणि शेवटी असणार होती. मधलं चित्रण बायकोनंच करायचं.

"हिला नको," एकांडा म्हणाला. "दुसरं कुणीतरी द्या. एखादा मदतनीस द्या."

कंपनीची बाई हसली. "सर, आता यांच्याशिवाय कसं चालेल? तुमचा तंबू कोण लावणार?"

निघायच्या सकाळी ऊन छान पडलं होतं. कॅमेरा सुरू झाल्यावर बॅटरीवाली गुडघ्यावर बसली आणि तिनं त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. चित्रण करणाऱ्या मुलीनं डोळे पुसले. मग बॅटरीवालीनं सॅक पाठीवर घेतली, छातीवरचा पट्टा लावला, बॅटरीचा डबा जॅकेटच्या आत सारला आणि म्हणाली, "चल."

तो पुढं निघाला. वाट झाडांत शिरेपर्यंत तो सारखा मान वळवून, ती येतेय का ते बघत होता.